वाजत नाही म्हणजे ठीक आहे?

परवाच्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. नेहमीप्रमाणे गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब, आणि मग त्याच अकरा डोक्यांवर पुन्हा सुरू. पार्किंगवर पाऊण तास, पाण्याच्या टाकीवर वीस मिनिटं आणि मग विषय क्रमांक ६ : फायर अलार्म आणि सीसीटीव्ही यांच्या देखभालीचा वार्षिक करार, रुपये १८,०००.

एक सभासद उठले. गृहस्थ भले आहेत. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी पहाटे गाडी काढून आले होते, त्यामुळे माझं त्यांच्याशी भांडण नाही. त्यांच्या वाक्याशी मात्र आहे. ते म्हणाले, "इतक्या वर्षांत तो अलार्म कधी वाजला नाही. २०२३ साली खरोखर जळालं, तेव्हाही वाजला नाही. मग न वाजणाऱ्या घंटेला वर्षाला अठरा हजार कशाला? बिघडला की बोलावू ना माणूस!"

माना डोलल्या. कुणीतरी 'बरोबर आहे' म्हणालं. मी बोलायला उठले खरी, पण घशाशी काहीतरी आलं आणि एवढंच म्हणू शकले की हा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवा. अध्यक्षांनी तो ठेवला. चौतीस वर्षं वर्गात बडबड करून ऐन वेळी शब्द सुचू नयेत याची लाज वाटली. म्हणून त्या दिवशी जे बोलायचं होतं ते आज लिहून काढते आहे. जरा लांबेल. सवय आहे तुम्हाला.

आधी माझा स्वतःचा कबुलीजबाब, कारण दुसऱ्याचे कान धरण्याआधी आपला तपासावा. २०१८ ते २०२० ही दोन वर्षं मी या सोसायटीची सेक्रेटरी होते. "बाई, तुम्ही हिशेबाच्या पक्क्या," असं म्हणून मला घोड्यावर बसवलं. आपल्याकडे 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' नावाचा कायदा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांनी दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन विभागाकडे द्यायचं असतं. त्याला नमुना 'ब' म्हणतात. माझ्या काळात तो चारही वेळा वेळेवर गेला. फाईल लावली, पावती लावली, अनुक्रमणिकेत नोंद केली. फाईल इतकी देखणी की ऑडिटरनं कौतुक केलं!

पण चारपैकी एकाही वेळी मी त्या माणसाला, "अहो, एकदा वाजवून दाखवा," असं म्हटलं नाही. तो यायचा, पॅनलचं दार उघडायचा, बंद करायचा, चहा प्यायचा, सही करायचा. मीही सही करायची. ज्या बाईनं आयुष्यभर पोरांना "पाठ झालंय म्हणतोस ना, मग म्हणून दाखव" असं दरडावलं, त्याच बाईनं तो अलार्म न वाजवताच पास केला.

मग आला जून २०२३. पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये पाणी झिरपलं आणि पहाटे तीनच्या सुमारास केबल जळायला लागली. ज्वाळा फारशा नव्हत्या, धूर मात्र भयंकर. केबलवरचं प्लॅस्टिक जळालं की काळा, घशाला झोंबणारा धूर येतो. तो डक्टमधून वर चढला, मजल्यामजल्यावर पसरला. अठ्ठावीस घरं गाढ झोपेत, आणि अलार्म गप्प. साडेचारला दूधवाला आला, त्यानं आरडाओरडा केला म्हणून आम्ही उठलो. अग्निशमन दलाचे जवान आले, त्यांनी पाचव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आमच्या काकूंना उचलून खाली आणलं. अकरा दिवस त्या हॉस्पिटलात होत्या. वाचल्या. पण तेव्हापासून त्यांना दोन वाक्यं सलग बोलताना मध्ये थांबावं लागतं.

दोन दिवसांनी दुसराच एक मेकॅनिक आणून पॅनल उघडलं. मुद्दाम शेजारी उभी राहिले. तीन गोष्टी सापडल्या, आणि तिन्ही इतक्या क्षुल्लक की रडावं की हसावं कळेना.

एक, आतल्या दोन्ही बॅटऱ्या फुगून मेलेल्या. आमच्या पॅनलला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. रोज पॅनल विजेवर चालतं आणि वीज गेली की बॅटरीवर जातं. आता गंमत बघा, मीटर रूमच जळाली की पहिल्यांदा काय जाणार? वीज! म्हणजे ज्या एका प्रसंगासाठी त्या बॅटऱ्या तिथे ठेवल्या होत्या, नेमक्या त्याच प्रसंगी त्या नव्हत्या. असल्या बॅटऱ्यांचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं, आपल्या उकाड्यात त्याहून कमी. आमच्या पहिल्यापासूनच्या होत्या, कधी बदललेल्याच नाहीत.

दोन, मीटर रूममधल्या धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरवर प्लॅस्टिकची टोपी तशीच. रंगकाम चालू असताना रंग आणि धूळ आत जाऊ नये म्हणून ती घालतात. रंगारी २०२१ साली काम संपवून गेले, टोपी राहिली. डोळ्यांवर पट्टी बांधून उभा केलेला पहारेकरी.

तीन, दुसऱ्या मजल्यावरच्या हूटरची वायर कुणीतरी काढून ठेवलेली. कुणी ते अजून कळलेलं नाही, आणि मला जाणूनही घ्यायचं नाही. कारण मात्र आठवतं. पूर्वी एकदा रात्री दोनला तो विनाकारण कोकलला होता. डिटेक्टरमध्ये किडा किंवा कोळी शिरला तरी तो धूर समजून वाजू शकतो. त्याऐवजी वायर काढणं सोपं!

यावर कडी म्हणजे पॅनलवरचा पिवळा दिवा. तो बिघाडाचा दिवा असतो. कित्येक महिने तो चालू होता. आमच्या वॉचमनला विचारलं तर तो बिचारा म्हणाला, "मॅडम, दिवा लागलेला होता म्हणून वाटलं चालू आहे." त्याची काय चूक? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

काकू घरी आल्यावर त्यांना भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "बाई, त्या रात्री घंटा वाजली होती का हो? मला अलीकडे कमी ऐकू येतं. म्हटलं, वाजली असेल, मलाच ऐकू आली नसेल. तुम्हा सगळ्यांना उगाच त्रास."

घंटा आमची मेलेली आणि दोष त्या स्वतःच्या कानांना देत होत्या! मी म्हटलं, "नाही काकू, वाजलीच नाही." त्याच्या पुढचं वाक्य मला म्हणता आलं नाही. तेच वाक्य परवाच्या सभेत घशाशी आलं होतं.

तर आता त्या सद्गृहस्थांच्या मुद्द्याकडे वळते.

"कधी वाजला नाही." मंडळी, या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, आग लागली नाही म्हणून वाजला नाही. दुसरा, तो मेलेला आहे म्हणून वाजला नाही. बाहेरून दोन्ही अगदी सारखेच दिसतात. घरातली बाकीची सगळी यंत्रं बिघडली की स्वतःच सांगतात. फ्रिज बिघडला की संध्याकाळपर्यंत दूध नासतं. पंखा बिघडला की पाच मिनिटांत घाम फुटतो. टीव्ही बिघडला तर घरातला प्रत्येक माणूस ओरडून सांगतो. धोक्याची घंटा हे एकच यंत्र असं आहे की ते बिघडलं तरी कुणाचंही काही अडत नाही. अडतं ते थेट शेवटच्या दिवशी. म्हणून "बिघडला की बोलावू माणूस" हा नियम पंख्याला लावा, अलार्मला लावू नका. तो बिघडलाय हे तुम्हाला सांगणार कोण?

जुन्या लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं असं मला वाटतं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत रात्री गुरखा फिरायचा, दर थोड्या वेळानं काठी आपटायचा, शिट्टी फुंकायचा. मी आईला विचारलं होतं, "हा असा आवाज केला तर चोर सावध नाही का होणार?" आई म्हणाली, "चोरासाठी नाही गं, आपल्यासाठी आपटतो. तो जागा आहे हे आपल्याला कळावं म्हणून." ज्या रात्री काठीचा आवाज आला नाही, त्या रात्री वडील उठून बाहेर बघायचे. गिरणीचा भोंगा रोज ठरलेल्या वेळी व्हायचा, शाळेची घंटा दिवसातून आठदहा वेळा व्हायची. रोज वाजते ती घंटा रोज तपासली जाते, त्यासाठी वेगळा करार लागत नाही. आताची यंत्रं हुशार आहेत, पण मुकी आहेत. वर्षानुवर्षं गप्प बसणं हेच त्यांचं काम. म्हणून त्यांना अधूनमधून मुद्दाम बोलतं करावं लागतं. देखभाल म्हणजे तरी दुसरं काय? गुरख्याची काठी आपण आपल्या हातानं आपटायची.

आणि ही यंत्रं गप्प बसल्याबसल्या मरतात, हेही लक्षात घ्या. डिटेक्टरमध्ये धूळ साचते. त्यानं तो एकतर उगाच वाजायला लागतो किंवा बधिर होतो. पावसाळ्यातल्या दमट हवेनं वायरींच्या टोकांवर गंज चढतो. उभ्या सिलिंडरमधली पावडर खाली बसून घट्ट होते, वरची तपासणीची चिठ्ठी मात्र टवटवीत असते. पंप 'ऑटो'वर असायला हवा, तो कुणीतरी आवाज होतो म्हणून 'ऑफ'वर करतं आणि विसरतं. सीसीटीव्हीचं तर विचारूच नका. पडद्यावर चित्र दिसतं म्हणून आपण खूश, पण आतली हार्ड डिस्क केव्हाच गेलेली असते आणि रेकॉर्डिंग शून्य. आमच्याकडे सायकल चोरीला गेली तेव्हा हाच शोध लागला. शिवाय कॅमेऱ्यावरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे. चोर सापडला असता तरी त्यानं 'मी तेव्हा तिथे नव्हतो' हे आमच्याच कॅमेऱ्यानं सिद्ध केलं असतं! आणि अलार्म वाजल्यावर ज्यांना फोन जायचा, त्या यादीतला पहिला नंबर २०१७ साली फ्लॅट विकून नाशिकला गेलेल्या गृहस्थांचा होता.

दुसरा आक्षेप : "चालू ठेवला की उगाच वाजतो, लोकांची झोपमोड होते." इथे मला 'लांडगा आला रे आला' आठवते. ही गोष्ट मी किती वर्गांना सांगितली असेल याची गणती नाही. तात्पर्य दरवेळी तेच, खोटं बोलू नये. आता वाटतं, अर्धंच तात्पर्य सांगितलं. पोराची चूक होतीच. पण गावकऱ्यांचं काय? आपला राखणदार खोट्या हाका मारतो हे दोनदा कळल्यावर शहाण्या गावानं काय करायला हवं होतं? पोराला समज द्यायची, नाहीतर दुसरा राखणदार ठेवायचा. त्यांनी काय केलं? राखणदार तोच ठेवला आणि ऐकणं बंद केलं. मेंढरं गेली ती पोराच्या खोटेपणामुळे जितकी, तितकीच गावाच्या आळशीपणामुळे. उगाच वाजणारी घंटा म्हणजे दुरुस्तीला आलेली घंटा. ती दुरुस्त करायची, तिची वायर कापायची नाही.

हे फक्त सोसायटीपुरतं आहे असं समजू नका. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली भोपाळची रात्र आठवा. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात सुरक्षेच्या यंत्रणा नव्हत्या असं नाही, एकाला एक लागून होत्या. पण विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीपासून बंद होती. सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडनळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. वायू धुऊन काढणारी यंत्रणा सज्ज अवस्थेत नव्हती. मापकांवर कामगारांचा विश्वास उरला नव्हता, त्यामुळे आकडा वाढलेला दिसला तरी आधी आकड्यावरच शंका घेतली गेली. आणि वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. हजारो माणसं गेली. प्रत्येक यंत्रणेच्या बाबतीत आधी कुणीतरी 'इतक्यात काही होत नाही' असं मनाशी म्हटलं असणारच. आमच्या सभेत परवा तेच म्हटलं गेलं. फरक फक्त आकाराचा.

तिसरा युक्तिवाद जरा सभ्य आहे : "करार दिलाय, प्रमाणपत्र आहे, आता आपली जबाबदारी संपली." तशी माझीही संपली होती, चार वेळा! यंत्र तपासणं पुरेसं नाही, त्यामागचा माणूसही तपासायला लागतो. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली, तेव्हा तिथली आगीची सूचना देणारी यंत्रणा व्यवस्थित वाजली होती. पण संदेशाचा अर्थ नीट लागला नाही आणि माणूस छपराऐवजी भलत्याच जागी बघून आला. जवळजवळ अर्धा तास त्यातच गेला आणि शेकडो वर्षांचं लाकडी छप्पर गेलं. अलार्म जिवंत, पण तो ऐकून काय करायचं याची तालीम नव्हती. आमच्या वॉचमनच्या पिवळ्या दिव्याची हीच गोष्ट, फक्त जागा वेगळी.

म्हणून फ्रान्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता धोक्याचे भोंगे वाजवून बघतात. चेक प्रजासत्ताकातही तसंच. स्वित्झर्लंडमध्ये दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी देशभर भोंगे वाजतात. लोक घाबरत नाहीत, घड्याळ लावून घेतात. आपल्याकडे १९७१ च्या युद्धात आम्ही भोंगे ऐकले होते, दिवे मालवून बसलो होतो. त्यानंतर थेट ७ मे २०२५ ला मॉक ड्रिलची बातमी आली आणि आमच्या सोसायटीतल्या पोरांनी मला विचारलं, "आजी, भोंगा कसा वाजतो?" त्या आवाजाची ओळखच पुसली गेली होती.

"परवडत नाही" हा शेवटचा मुद्दा, तोही बघू. हिशेबाची पक्की आहे ना मी! १८,००० भागिले २८ घरं, भागिले १२ महिने. दर घराला महिना चोपन्न रुपयेसुद्धा पडत नाहीत. परवाच्या सभेतला वडापाव आणि चहा माणशी त्याहून महाग पडला.

तर पुढच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. करार चालू ठेवायचा, पण सही मिळेल ती वाजवून दाखवल्यावरच, आणि दोन सभासदांसमोर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता अलार्म वाजवायचा. त्या वेळी मुख्य वीज बंद करून, म्हणजे बॅटरीचीही परीक्षा होईल. बॅटरीवर बसवल्याची तारीख खडूनं नव्हे, पक्क्या शाईनं लिहायची. रंगकाम संपलं की टोप्या मोजून काढायच्या. वॉचमन बदलला की त्याला पिवळ्या दिव्याचा अर्थ सांगायचा. आणि वर्षातून एकदा, १४ एप्रिलला, सगळ्यांनी जिना उतरून खाली यायचं. त्या दिवशी सुट्टी असतेच. शिवाय १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी आपण निदान चार जिने उतरायला हरकत नसावी.

आणि हे वाचणाऱ्या आमच्या भाचे-पुतणे मंडळींना वेगळं सांगणं. घरात गॅस डिटेक्टर असेल, दाराला अलार्म असेल, तर त्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं. ते कंपनीनं शोभेसाठी दिलेलं नाही. हे वाचून झालं की उठा आणि दाबा. वाजलं तर मला कळवा. नाही वाजलं तर आधी बॅटरी आणा, मग कळवा.

ठराव मंजूर झाला तर पहिल्या रविवारी अकराला मी पाचव्या मजल्यावर काकूंच्या शेजारी बसणार आहे. घंटा वाजली की त्यांना विचारणार आहे, "आली का ऐकू?" त्यांना ऐकू आली नाही, तर त्यांच्या दाराशी आणखी एक हूटर बसवू. त्याचे पैसे मी देईन. तेवढं माझ्याकडून देणं लागतं.